शनिवारचा शेतकरी बाजार: वाफ्यापासून सोसायटीच्या गेटपर्यंत, गटांसाठी क्रमवार मार्गदर्शक

शहरातल्या सोसायटीत बाजार लावणारे शेतकरी गट बहुतेक वेळा एकाच जागी अडखळतात. मार्केट यार्डात गाडी न्यायची सवय ते इथेही चालवतात. यार्डात एका मालाचा ढीग चालतो, किंबहुना तोच लागतो. सोसायटीच्या गेटवर खाली उतरणाऱ्या काकूंना मात्र दोन जुड्या मेथी, अर्धा किलो टोमॅटो, पाव किलो गवार, चार लिंबं आणि थोडं आलं हवं असतं. हे एका फेरीत मिळालं नाही की उरलेल्या वस्तू त्या नेहमीच्या भाजीवाल्याकडून घेतात, आणि पुढच्या शनिवारी सगळंच त्याच्याकडून.

हा क्रम पुरंदर, भोर, मुळशी, जुन्नर अशा पुण्याच्या आसपासच्या भागातल्या आठ-दहा शेतकऱ्यांचा गट डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. बाजार शनिवारी सकाळी भरतो असं धरलं आहे. तुमचा वार वेगळा असेल तर वार बदला, क्रम तोच ठेवा.

## टप्पा १: जागा, वार आणि वेळ लेखी घ्या

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार जणांनी ‘चालेल, या’ म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. व्यवस्थापन समितीचं पत्र घ्या. त्यात वार, सुरू-बंद व्हायची वेळ, नेमकी जागा, गाडी कुठे थांबणार, पाणी कुठून मिळणार, झाडलोट कोण करणार आणि जागेचं भाडं असेल तर किती, हे सगळं यायला हवं. गटात बायका असतात आणि त्या पहाटे चारला घराबाहेर पडलेल्या असतात, त्यामुळे स्वच्छतागृह वापरायला मिळणार की नाही हे पहिल्याच बैठकीत विचारा. संकोचापायी हा प्रश्न राहून जातो आणि मग त्या बायका यायचं टाळतात.

रस्त्याकडेला किंवा महापालिकेच्या मैदानावर बसायचं असेल तर महापालिकेची परवानगी लागते. कुणाच्या तोंडी शब्दावर ताडपत्री अंथरू नका. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार’ अभियानातल्या एखाद्या चालू बाजारात जागा मिळत असेल तर नव्या गटाने तिथूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. गिऱ्हाईक आधीच तयार असतं आणि शेजारच्या गटाचं बघून शिकता येतं.

वेळ सकाळी सात ते साडेदहा. त्यापुढे ऊनही चढतं आणि पालेभाजीही मान टाकते.

तपासणी: जागेवर उभं राहून मोबाइलला रेंज आहे का बघा. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सावली उत्तम असते, पण तिथे बऱ्याचदा नेटवर्क नसतं आणि ऑनलाइन पैसे अडकतात.

## टप्पा २: कोण काय पिकवणार हे तीन महिने आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गटातल्या सहा जणांनी टोमॅटो लावलेला असतो, दोघांनी कांदा. गाडी भरते, पण बाजार भरत नाही.

एका सोसायटीच्या बाजारात पंधरा ते अठरा प्रकारचा माल असावा, असा हिशोब ठेवा. त्यात चार-पाच पालेभाज्या, सहा-सात फळभाज्या आणि रोज लागणारा किरकोळ माल आला: मिरची, आलं, लसूण, लिंबू, कढीपत्ता, कोथिंबीर. शिवाय एक-दोन फळं, आणि दर आठवड्याला एक अशी गोष्ट जी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. लोक खाली उतरतात ते या शेवटच्या गोष्टीसाठी. टोमॅटो ते जाता जाता घेतात.

ती गोष्ट हंगामच पुरवतो.

पावसाळ्यात पुरंदरचा ताजा वाटाणा येतो, अळूची पानं येतात, मक्याची कणसं येतात. मुळशी-वेल्ह्याकडचे सभासद असतील तर कर्टोली, टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या आणता येतात. ऑगस्टपासून सीताफळ. थंडीत पावटा, वालाच्या शेंगा, लाल गाजर, हरभऱ्याचा कोवळा पाला, ओल्या हरभऱ्याचे डहाळे, बोरं, ज्वारीचा हुरडा. उन्हाळ्यात कैरी, करवंदं, काकडी, कलिंगड, पाऊस तोंडावर आला की जांभळं. पुरंदरच्या गटाकडे अंजीर असेल तर तेवढ्यासाठी शेजारच्या सोसायटीतली माणसंही येतात.

हंगामाच्या जोडीला पंचांगही बघा. शहरात राहूनही लोक सणाला ठरलेली भाजीच शोधतात. आषाढी एकादशीला आणि नवरात्रात रताळी लागतात. ऋषिपंचमीला अळू, माठ, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, कणसं असं सगळं थोडं थोडं लागतं. ते निवडून एकत्र बांधलेली पिशवी ठेवली तर ती आधी संपते. गौरी येतात त्या दिवशी अनेक घरांत शेपूची भाजी असते. पितृपक्षात गवार, भेंडी, कारलं, भोपळा यांचा भाव चढतो. भोगीच्या भाजीला पावटा, वाल, गाजर, वांगी, ओला हरभरा एकाच वेळी हवा, आणि सोबत तीळ लावलेल्या भाकरीसाठी बाजरीचं पीठ मिळालं तर ते कुणी सोडत नाही.

आता उलटी मोजणी करा. भोगी जानेवारीच्या मध्यावर. गाजराला साधारण तीन महिने लागतात, म्हणजे बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवं. मेथी पंचवीस-तीस दिवसांत येते, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, भेंडीचा पहिला तोडा पेरणीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी. दर शनिवारी मेथी हवी असेल तर दर आठवड्याला एक छोटा वाफा टाकावा लागतो. सगळी एकदम पेरली तर एका शनिवारी जुड्यांचा ढीग होतो आणि पुढचे शनिवार कोरडे जातात.

वाटप करताना सोपा नियम: एका पिकाला दोन शेतकरी, एक मुख्य आणि एक राखीव. गारपीट होते, मोटर जळते, घरात लग्न निघतं. राखीव माणूस नसेल तर ती भाजी बाजारातून नाहीशी होते.

इशारा: कमी पडलेला माल यार्डातून उचलून ‘आमच्या शेतातला’ म्हणून विकू नका. गिऱ्हाइकाला एकदा शंका आली की अख्ख्या गटावर येते. बटाटा तुमच्याकडे होत नसेल तर पाटीवर सरळ लिहा: ‘बटाटा, सातगाव पठार, आंबेगाव तालुका’. लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही.

इशारा: रानभाजी ओळखणाऱ्यानेच खुडावी आणि विकतानाही त्यानेच उभं राहावं. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. त्यात काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच घालावी लागते. जुडीसोबत काकडं द्या आणि कृती तोंडी सांगा. ‘काय ते गुगलवर बघा’ हे उत्तर नको.

## टप्पा ३: कागद आणि काटा

हे एकदाच करायचं काम आहे, म्हणून लवकर उरका.

जुलै २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला, त्यामुळे तुमची भाजी थेट ग्राहकाला विकायला बाजार समितीचा परवाना लागत नाही. शेतकऱ्याने पिकवलेल्या कच्च्या मालाला अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणीही नको. पण गटातल्या कुणी लोणचं, पापड, मेतकूट, आवळा सरबत आणलं की तो प्रक्रिया केलेला पदार्थ झाला. त्याला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि बाटली-पुडीवर नाव, घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक असं लेबल लागतं. ‘घरचंच तर आहे’ हा खुलासा तपासनीसापुढे टिकत नाही.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. जुना तराजू आणि वजनं असतील तर दर दोन वर्षांनी. प्रमाणपत्र टेबलावर दिसेल असं लावा.

‘सेंद्रिय’ ही पाटी दाखला असेल तरच लावा. शेणखत घालता, फवारणी कमी करता, तर तेवढंच लिहा. ते पुरेसं विकलं जातं.

पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. कापडी पिशवी आणायला सांगा आणि विसरणाऱ्यांसाठी दहा-वीस रुपयांच्या कापडी पिशव्या विकायला ठेवा. मिरची, आलं, बोरं यांना वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या कागदाच्या पुड्या वापरा, कारण छपाईची शाई खाण्याच्या मालाला लागू नये.

## टप्पा ४: बुधवारी शेतात मोजणी, गुरुवारी यादी

क्रम उलटा झाला की भांडणं होतात. आधी ऑर्डर घ्यायची आणि मग शेतात जाऊन बघायचं, असं करू नका.

बुधवारी संध्याकाळी प्रत्येक सभासदाने वाफ्यात उभं राहून शनिवारी काय आणि किती निघेल ते कळवायचं. अंदाज थोडा हात राखून द्या. एका माणसाकडे ही यादी जमते. तिच्यावरूनच कुणाचा किती माल उचलायचा हे ठरतं आणि गुरुवारी सकाळी सोसायटीला निरोप जातो. निरोप छोटा असावा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. शनिवारी सकाळी ७ ते १०.३०. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, भेंडी, गवार, दोडका, टोमॅटो, वांगी, मिरची, आलं, लिंबू. या आठवड्यात खास: पुरंदरचा वाटाणा, अळूची पानं. आगाऊ नोंद शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत.’

फोटो टाकायचाच असेल तर तुमच्या वाफ्याचा टाका. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत टोमॅटो टाकला तर शनिवारी लोक तोच शोधतात.

किती न्यायचा? चारशे घरांची सोसायटी असली तरी सुरुवातीला शंभर घरं येतील असं धरून माल भरा. साडेनऊला संपलेला बाजार चांगला. लोकांच्या तोंडी ‘लवकर गेलं पाहिजे’ येतं. अकरा वाजता अर्धी गाडी उरलेली दिसली की भाव पाडून मागायला सुरुवात होते.

तपासणी: बुधवारच्या मोजणीच्या वेळीच फवारणीची वही उघडा. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये हे छापलेलं असतं. तेवढे दिवस शनिवारच्या आत पूर्ण होत नसतील तर तो माल या आठवड्यात यादीतून काढा. यार्डात हे कुणी विचारत नाही. इथे तुमच्या समोर उभं असलेलं मूल ती काकडी तिथेच खातं.

## टप्पा ५: शुक्रवारची काढणी

बाजाराचा निकाल इथे लागतो. ताजेपणा हीच तुमची एकमेव बढत आहे, आणि ती शेतातून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत टिकते किंवा जाते.

क्रम असा ठेवा: जे टिकतं ते आधी काढा, जे नाजूक आहे ते शेवटी.

कांदा, लसूण, बटाटा, लाल भोपळा, सुरण गुरुवारीच निवडून ठेवा. कांद्याची मान पूर्ण वाळलेली हवी. ओल्या मानेचा कांदा गिऱ्हाइकाच्या टोपलीत सडतो आणि त्याचा वास महिनाभर तुमच्या नावावर राहतो. बटाटा उन्हात उघडा ठेवू नका, हिरवा पडतो.

शुक्रवारी सकाळी दव उतरल्यावर फळभाज्या. भेंडी एकाआड एक दिवस तोडावीच लागते, म्हणून बुधवारी तोडा झालेला असला तरच शुक्रवारची भेंडी कोवळी मिळते. बुधवारचा तोडा चुकला की शनिवारी जून भेंडी न्यावी लागते. भेंडी धुऊ नका, चिकट होते आणि काळे डाग पडतात. वांगी देठासकट काढा, देठ हिरवा दिसला की वांगं ताजं हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही. टोमॅटो लांबच्या बाजारासाठी कच्चा तोडायची सवय असते, ती इथे सोडा. दुसऱ्या दिवशीच विकायचा आहे, तर लाल होत आलेलाच घ्या. मात्र दोन क्रेट थोडे कमी पिकलेले वेगळे ठेवा, आठवड्याची भाजी एकदम नेणाऱ्यांना तेच हवे असतात. देठ काढून टाका, नाहीतर क्रेटमध्ये शेजारच्या टोमॅटोला टोचतात.

वाटाण्याचं वेगळं आहे. शेंगा तोडून गोणीत दाबून भरल्या आणि गोणी रात्रभर तशीच ठेवली की आत हात घालून बघा, गरम लागते. त्या उष्णतेत दाण्यातली साखर झपाट्याने कमी होऊन पिठूळपणा येतो. सकाळी शेंग हिरवीगार दिसते, पण सोलून तोंडात टाकल्यावर फरक कळतो. म्हणून वाटाणा शुक्रवारी संध्याकाळी उशिरा तोडा, क्रेटमध्ये विरळ भरा, आणि रात्री हवा लागेल अशा ओसरीवर ठेवा.

सीताफळ झाडावर डोळे उघडलेलं बघून तोडायचं: डोळ्यांमधल्या फटी रुंद होतात आणि तिथे पिवळसर-पांढरट छटा दिसते. त्याच्या आधी तोडलेलं फळ पिकत नाही, काळं पडतं. तोडल्यावर दोन-चार दिवसांत पिकतं, म्हणून मंगळवारी तोडलेलं आणि शुक्रवारी तोडलेलं अशा दोन पाट्या करा. ‘आज खायचं’ आणि ‘सोमवारी खायचं’ असं लिहून ठेवलं की एकाच घरात दोन्ही जातात.

अंजीर शनिवारी पहाटेच काढा, देठासकट, आणि उथळ पाटीत पानं अंथरून एकाच थरात ठेवा. दोन थर झाले की खालचा गेला. देठाचा चीक हाताला झोंबतो, हातमोजे घाला.

फळं पिकवायला कार्बाइड वापरायचं नाही. कायद्याने बंदी आहे आणि ते आरोग्याला घातक आहे. कैऱ्या असोत वा केळी, गवतात किंवा पेंढ्यात पिकू द्या.

आता पालेभाजी. शुक्रवारी उन्हं कलल्यावर चारनंतर किंवा शनिवारी पहाटे. दुपारी बारा वाजता उपटलेली मेथी कितीही पाणी मारलं तरी सकाळी ताठ होत नाही. मुळं स्वच्छ पाण्यात बुडवून माती काढा, पानं भिजवू नका, जुडी झटका. ओली जुडी गोणीत कोंबली की आतून तापते आणि सकाळी मधली पानं पिवळी, चिकट निघतात. जुड्या क्रेटमध्ये उभ्या ठेवा, मुळं खाली, तळाशी पिळून घेतलेलं ओलं गोणपाट, वरून दुसरं. गोणपाटातून पाणी गळत असेल तर ते जास्त ओलं आहे.

जुडीचा आकार गटात एकच ठेवा. एकाची जुडी मुठीएवढी आणि दुसऱ्याची दुप्पट, दोन्हींचा भाव तोच, असं झालं की पहिल्याची मेथी शेवटपर्यंत पडून राहते आणि रविवारी त्याचा रुसवा काढावा लागतो.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा. विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटरची फट, त्यात वाळू, आणि ती वाळू दिवसातून दोन वेळा ओली करायची. वर गवताचं किंवा वाळ्याचं झाकण. वीज लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहतं. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही.

इशारा: टोमॅटो, पिकलेली केळी, सीताफळ यांच्या शेजारी पालेभाजी आणि काकडी रात्रभर ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या वायूने पालेभाजी आणि काकडी पिवळी पडतात. गाडीतही हे दोन गट वेगळ्या बाजूला.

तपासणी: शुक्रवारी रात्री प्रत्येक क्रेटवर चिठ्ठी: शेतकऱ्याचं नाव, माल, वजन किंवा जुड्यांची संख्या. चिठ्ठी नसलेला क्रेट गाडीत चढणार नाही, हा नियम पहिल्या आठवड्यापासून.

## टप्पा ६: भाव शुक्रवारी रात्री ठरवा

भाव टेबलावर उभं राहून ठरवला की प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा निघतो.

शुक्रवारचे यार्डातले दर बघा. पुण्यात फळभाज्यांचा भाव दहा किलोचा आणि पालेभाज्यांचा शेकडा जुडीचा सांगतात, म्हणून आधी किलोवर आणि एका जुडीवर आणा. दुसरीकडे त्या सोसायटीजवळच्या दुकानातला किरकोळ भाव कुणाकडून तरी विचारून घ्या. तुमचा भाव या दोहोंच्या मधे. समजा भेंडी यार्डात ४० रुपये किलो पडते आणि दुकानात ८० आहे, तर ६० ठेवा. दुकानापेक्षा जास्त भाव फक्त त्या मालाला लावा जो दुकानात मिळत नाही.

भाव असे निवडा की पाव किलोचे पैसे सरळ निघतील. ६० रुपये किलो म्हणजे पाव किलो १५. ५० रुपये किलो म्हणजे साडेबारा, आणि तिथे सुट्ट्यांवरून रांग थांबते. ४०, ६०, ८०, १२० असे आकडे बरे पडतात.

यार्डातला भाव एका आठवड्यात दुप्पट झाला म्हणून तुम्ही दुप्पट करू नका, आणि पडला म्हणून मातीमोलही विकू नका. भाव साधारण स्थिर आहे हे कळलं की लोक विचारायचं सोडतात.

## टप्पा ७: शनिवारची सकाळ

बाजार सातला सुरू होणार तर सहाला जागेवर पोचा. पावसाळ्यात दिवे घाटासारख्या रस्त्यावर धुकं आणि कोंडी दोन्ही असतात, अर्धा तास जास्त धरा.

मांडणीचा क्रम: आधी ताडपत्री किंवा छत्र्या, मग टेबलं, मग भावाचा फळा, आणि माल सगळ्यात शेवटी. माल आधी उतरवला की फळा लिहीपर्यंत विक्री सुरू होते आणि पहिल्या दहा जणांना तोंडी भाव दिले जातात. माल कमरेच्या उंचीवर ठेवा. खाली बसून निवडणं ज्येष्ठांना जमत नाही, आणि सकाळी सातला तेच येतात.

पालेभाजी सावलीत, मागच्या बाजूला. त्या आठवड्याची खास गोष्ट सगळ्यात पुढे.

प्रत्येकाने आपापला माल विकायचा आणि आपापले पैसे घ्यायचे, ही पद्धत सुरुवातीला सोपी वाटते. पण गिऱ्हाइकाला सहा ठिकाणी सहा वेळा पैसे द्यावे लागतात. त्याऐवजी दोन काटे आणि एकच गल्ला ठेवा. काट्यावरचा माणूस चिठ्ठीवर माल आणि रक्कम लिहितो, गल्ल्यावर एकदाच पैसे. काट्याचे आकडे गिऱ्हाइकाच्या बाजूला दिसले पाहिजेत.

क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याचा असावा, कुणा एकाच्या मोबाइलचा नको. पैसे जमा झाल्याचा आवाज आल्यावरच पिशवी सोडा. समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा टिक पुरावा मानू नका. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी आदल्या दिवशी आणून ठेवा.

भेंडीची टोकं मोडून बघणारे आणि दुधी भोपळ्याला नख लावणारे प्रत्येक बाजारात असतात. त्यांच्यावर डाफरू नका. टोपलीतली एक भेंडी उचलून तुम्हीच त्यांच्यासमोर मोडा. ‘बघा काकू, कट्‌कन मोडली. आता निवडू नका, सगळी अशीच आहे.’ बहुतेकदा हात मागे जातो.

घासाघीस होतेच. भाव कमी करण्यापेक्षा चार कढीपत्त्याच्या काड्या किंवा दोन मिरच्या वर टाका. पुणेकर भाव विसरतो, वर मिळालेला कढीपत्ता विसरत नाही.

इशारा: शेवटच्या अर्ध्या तासात सगळं निम्म्या भावात देऊ नका. दुसऱ्याच आठवड्यात लोक दहाची वाट बघत खिडकीत उभे राहतात. उरलेलं एकत्र करून ‘मिसळ भाजीची पिशवी’ ठरावीक किमतीत द्या, सुट्या मालाचा भाव तोच राहू द्या.

## टप्पा ८: उरलेला माल, झाडू आणि हिशोब

उरलेल्या मालाचं ठिकाण आधीच ठरलेलं असावं. जवळची खानावळ किंवा पोळी-भाजी केंद्र ठरावीक दराने उचलत असेल तर उत्तम. पालेभाजी गावाला परत नेऊ नका. वाटेत ती जाते आणि गाडीत जागाही अडते.

खाली पडलेली पानं, देठ, माती सगळं गोणीत भरून घेऊन जा. समितीकडे येणारी पहिली तक्रार जवळजवळ नेहमी कचऱ्याची असते. सोसायटीचा खतखड्डा असेल तर विचारून तिथे टाका.

हिशोब त्याच दिवशी, सगळ्यांसमोर. समजा एकूण विक्री १८,००० रुपये झाली आणि गाडी, जागाभाडं, पिशव्या, विक्रीला थांबलेल्यांची मजुरी मिळून खर्च ३,६०० झाला. म्हणजे विक्रीच्या वीस टक्के. प्रत्येकाच्या मालाच्या विक्रीतून तेवढेच वीस टक्के वजा करून बाकी त्याच्या खात्यात. खर्च माणशी सारखा वाटला तर दोन क्रेट आणणारा आणि दहा क्रेट आणणारा सारखेच भरतात, आणि छोटा शेतकरी महिनाभरात गळतो. वजनातली तूटही लिहा. पालेभाजी सोडून बाकी मालात दर आठवड्याला मोठी तूट येत असेल तर काटा किंवा गल्ला यांपैकी काहीतरी तपासायला हवं.

हिशोबाच्या वहीत आणखी दोन ओळी: सगळ्यात आधी काय संपलं, किती वाजता, आणि लोकांनी काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं. टप्पा २ मधलं पुढचं वाटप या दोन ओळींवरून करायचं.

सुट्ट्यांचाही अंदाज त्याच वहीत बांधा. दिवाळीच्या आठवड्यात आणि मे महिन्यात सोसायटीतली बरीच घरं कुलूपबंद असतात. त्या शनिवारी मेथीचे वाफे कमी ठेवा आणि माल तिसऱ्या हिश्श्याने घटवा, पण बाजार बंद ठेवू नका. बंद ठेवायचाच झाला तर गुरुवारच्या निरोपात तसं कळवा, आणि गेटवरच्या वॉचमनलाही सांगून ठेवा, कारण ग्रुप न बघणारे आजी-आजोबा पिशवी घेऊन सातला खाली उतरतातच.